सभागृहात ठराव झाला, पुढे काय? सीमाप्रश्न, नामांतर आणि दंगलीनंतरच्या ठरावांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबर २०२२ मध्ये पाच दिवसांच्या अंतराने दोन विधानसभांनी सीमाप्रश्नावर, म्हणजे बेळगावसह मराठी भाषक सीमाभाग कोणत्या राज्यात असावा या वादावर, एकमेकींच्या विरोधात ठराव केले. २२ तारखेला बेळगावात कर्नाटकने, २७ तारखेला नागपुरात महाराष्ट्राने. दोन्ही एकमताने. त्या आठवड्यात आणि नंतरही लोकांनी मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, ते इथे उत्तरांसह दिले आहेत. मी कोल्हापूरचा, आत्या सीमेपलीकडे निपाणीत दिलेली. त्यामुळे काही उत्तरे जरा लांबली आहेत.

ठराव म्हणजे कायदाच ना?

नाही. कायद्यासाठी विधेयक लागते, त्यावर कलमवार चर्चा होते, राज्यपालांची सही होते आणि मग ते राजपत्रात छापून येते. ठरावाला यातले काहीच लागत नाही. मांडला जातो तेव्हा तो प्रस्ताव असतो, सभागृहाने होकार दिला की ठराव होतो. तो पाळला नाही म्हणून कोणाला दंड होत नाही, आणि तो दाखवून कोर्टातून काही वसूलही करता येत नाही. सभागृहाने आपले मत नोंदवले, इतकाच त्याचा अर्थ.

मग सगळेच ठराव नुसते बोलायचे असतात का?

तसेही नाही. काही ठरावांना राज्यघटनेनेच दात दिले आहेत. विधान परिषद नव्याने स्थापायची किंवा मोडायची तर अनुच्छेद १६९ प्रमाणे आधी विधानसभेचा ठराव लागतो. राष्ट्रपती राजवटीच्या उद्घोषणेला संसदेची मंजुरी लागते, तीही ठरावानेच. काही घटनादुरुस्त्यांना निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव करून मान्यता द्यावी लागते.

दंगल, गोळीबार, मोर्चातला हिंसाचार यांनंतर येणारे ठराव मात्र बहुतेक दुसऱ्या जातीचे असतात: निषेध, दुःख, विनंती, निर्धार. या पानावर त्यांच्याचविषयी बोलायचे आहे.

डिसेंबर २०२२ मध्ये नेमके काय घडले होते?

ठिणगी पडली ती नोव्हेंबरात. सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यातील सुमारे ४० गावांनी पूर्वी कर्नाटकात जाण्याचा ठराव केला होता, हा विषय कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी उकरून काढला. महाराष्ट्राने सीमाप्रश्नाच्या समन्वयासाठी नेमलेले चंद्रकांत पाटील आणि शंभूराज देसाई हे मंत्री ६ डिसेंबरला बेळगावला जाणार होते. तो दौरा रद्द झाला. आणि त्याच दिवशी बेळगावजवळच्या हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या गाड्या अडवून दगडफेक झाली.

टीव्हीवर ते दृश्य दिवसभर फिरत होते. एमएच पाटीच्या ट्रकवर चढलेली माणसे, फुटलेल्या काचा, हातात लाल-पिवळे झेंडे. इकडे पुण्यात कर्नाटकच्या बसना काळे फासले गेले. एसटीने पोलिसांच्या सूचनेवरून कर्नाटकात जाणाऱ्या गाड्या थांबवल्या. कोल्हापूर ते निपाणी म्हणजे कागल ओलांडले की आलेच, पण त्या दिवसांत ते अंतर एकदम परदेशासारखे झाले. मार्गशीर्षातले एक लग्न होते, त्याला तिकडची निम्मी मंडळी आलीच नाहीत.

१४ डिसेंबरला दिल्लीत केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना समोरासमोर बसवले. ठरले असे की सर्वोच्च न्यायालयाचा निकाल येईपर्यंत कोणी कोणाच्या भूभागावर दावा करायचा नाही, दोन्ही राज्यांच्या तीन-तीन मंत्र्यांची समिती बसवायची, आणि कायदा-सुव्यवस्थेसाठी एका वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याच्या हाताखाली वेगळी समिती नेमायची.

१९ डिसेंबरला एकाच दिवशी नागपुरात आणि बेळगावात दोन्ही राज्यांची हिवाळी अधिवेशने सुरू झाली. बेळगावात त्या दिवशी महाराष्ट्र एकीकरण समितीचा, म्हणजे महाराष्ट्रात जाऊ पाहणाऱ्या सीमाभागातल्या मराठी माणसांच्या संघटनेचा, महामेळावा व्हायचा असतो, त्याला परवानगी मिळाली नाही. पाठिंबा द्यायला निघालेल्या कोल्हापूरच्या नेत्यांना कोगनोळी नाक्यावरून परत फिरावे लागले. दिल्लीतल्या बैठकीला आठ दिवस होतात न होतात तोच कर्नाटकचा ठराव आला, आणि पाठोपाठ आपला.

आपल्या ठरावात काय होते?

मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी तो मांडला. त्याचा गाभा असा: बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकी ही शहरे आणि ८६५ मराठी भाषक गावे यांची इंच न् इंच जागा महाराष्ट्रात आणण्यासाठी सर्वोच्च न्यायालयात पूर्ण ताकदीनिशी पाठपुरावा करायचा. कर्नाटकच्या मराठीविरोधी धोरणाचा निषेध. गृहमंत्र्यांसमोर जे ठरले ते पाळायला कर्नाटकला सांगावे आणि सीमाभागातल्या मराठी माणसांच्या सुरक्षिततेची हमी द्यायला समज द्यावी, अशी केंद्राला विनंती.

आता यातली क्रियापदे बघा. ‘पाठपुरावा करणे’ हे काम स्वतः सरकारचे, आणि ते २००४ पासून चालूच आहे. ‘निषेध’ म्हणजे कोणीच काही करायचे नाही. ‘विनंती’ म्हणजे चेंडू दिल्लीच्या अंगणात. सीमाभागातल्या माणसासाठी महाराष्ट्र शासनाने अमुक तारखेपर्यंत अमुक करावे, असे एकही बंधन या गाभ्यात नाही. मुद्दाम तसे लिहिले असे मी म्हणत नाही. अशा ठरावांची भाषा वर्षानुवर्षांच्या सवयीने अशीच घडली आहे.

एक दिवस आधी विधान परिषदेत उद्धव ठाकरे यांनी निकाल लागेपर्यंत हा भाग केंद्रशासित करा, अशी मागणी केली होती. ठरावाच्या या गाभ्यात तिला जागा मिळाली नाही.

या ठरावाने ८६५ गावे महाराष्ट्रात येतील का?

ठरावाने एक गुंठाही हलत नाही. राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार अनुच्छेद ३ प्रमाणे संसदेचा. संबंधित विधिमंडळाचे मत मागवावे लागते, ते मानलेच पाहिजे असे नाही. ३० जानेवारी २०१४ रोजी आंध्र प्रदेश विधानसभेने तेलंगणाचे विधेयक आवाजी मतदानाने फेटाळले होते. पुढच्याच महिन्यात संसदेने ते मंजूर केले, आणि २ जूनला तेलंगणा अस्तित्वातही आले.

दुसरा रस्ता न्यायालयाचा. महाराष्ट्राने २००४ मध्ये अनुच्छेद १३१ खाली थेट सर्वोच्च न्यायालयात दावा लावला आहे. कर्नाटकचे म्हणणे, हा वाद सोडवायला केंद्राने नेमलेल्या महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल हाच शेवटचा शब्द. त्या आयोगाने २६४ गावे महाराष्ट्राला आणि २४७ गावे कर्नाटकला सुचवली होती, बेळगाव शहर मात्र कर्नाटकातच ठेवले होते. महाराष्ट्राने तो अहवाल तेव्हाच नाकारला. आयोग नेमावा म्हणून सेनापती बापटांनी उतारवयात उपोषण केले आणि त्याच आयोगाने बेळगाव दिले नाही, हा सल आमच्याकडच्या जुन्या माणसांच्या बोलण्यात अजून येतो.

प्रकरण न्यायप्रविष्ट असताना सभागृहाला ठराव करता येतो का?

न्यायप्रविष्ट बाबीवर चर्चा टाळावी असे सभागृहाच्या नियमांतच असते. म्हणून भाषा जपून वापरतात: ‘ही गावे आमची आहेतच’ असे न म्हणता ‘ती मिळवण्यासाठी न्यायालयात लढू’. सर्वोच्च किंवा उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांच्या वर्तनावर विधिमंडळात चर्चा करायला तर अनुच्छेद २११ नेच बंदी आहे. बाकी सभागृहातल्या बोलण्यावरून आमदाराला कोर्टात खेचता येत नाही. भाषणे ठरावापेक्षा चार पट तिखट असतात ती त्यामुळे.

‘एकमताने मंजूर’ म्हणजे सगळ्यांना पटले असे समजायचे?

एवढेच समजायचे की ‘नाही’ म्हणण्याची कोणाची छाती झाली नाही. आवाजी मतदानात अध्यक्ष अनुकूल कोण विचारतात, बाकांवरून ‘होय’चा गलका होतो. प्रतिकूल कोण विचारतात, सभागृह गप्प. संपले. कोण कुजबुजत्या आवाजात ‘होय’ म्हणाले, कोण मुद्दाम लॉबीत जाऊन बसले, याची नोंद होत नाही.

सीमाप्रश्नावर नागपुरात विरोधात मत देणे म्हणजे राजकीय आत्महत्या, आणि बेळगावातही तीच गत. शिवाय तेव्हा केंद्रात भाजप, कर्नाटकात भाजप, महाराष्ट्रातल्या सत्तेतही भाजप, आणि कर्नाटकात पाच महिन्यांवर निवडणूक. दोन्ही सभागृहांत एकाच पक्षाचे लोक एकमेकांविरुद्ध एकमताने ‘होय’ म्हणत होते. माझ्या मते त्या आठवड्यातली सगळ्यात बोलकी गोष्ट हीच, पण तिच्यावर फारसे कोणी बोलले नाही.

सीमाभागातल्या माणसाला त्यातून काय मिळाले?

ठराव झाला त्या संध्याकाळी आत्याचा फोन आला. “अरं, ठराव झाला म्हणं तुमच्याकडं. मग आता उतारा मराठीत मिळायचा काय?”

तिच्या शेताचा उतारा कन्नडमध्ये येतो. वीजबिल, पंचायतीची नोटीस, बसवरची पाटी, सगळे कन्नडमध्ये. नोटीस आली की ती शेजारच्या कॉलेजातल्या पोराकडे जाते, तो वाचून सांगतो. भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांच्या वर असतील तिथे महत्त्वाचे कागद त्यांच्या भाषेतही द्यावेत, हा देशभरातला जुना संकेत. एकीकरण समिती मराठी परिपत्रकांसाठी कैक वर्षे मोर्चे काढते आहे ती याच आधारावर. आत्याला मी ‘नाही’ म्हणालो. “मग कशाचा ठराव केला म्हणायचा,” असे म्हणून तिने विषय बदलला आणि हरभऱ्यावरच्या अळीचे सांगायला लागली.

पुढे २०२३ मध्ये राज्य सरकारने महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचे ठरवले. कर्नाटकात त्यावरून बराच आरडाओरडा झाला. यातच सगळे आले. ठरावाला ठरावाने उत्तर मिळते, पण खरी खळबळ उडते ती तिजोरीतून पैसा निघाला की.

ठरावाने दंगल शमते का?

कधी शमते, कधी पेटते. पेटल्याचे उदाहरण आपल्याच घरात आहे.

२७ जुलै १९७८. शरद पवार मुख्यमंत्री होऊन जेमतेम दहा दिवस झाले होते. विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. मुंबईत ठराव झाला आणि मराठवाड्यात गावागावांतल्या दलित वस्त्या जळाल्या. घरे, धान्य, गुरे गेली, बायाबापड्यांवर अत्याचार झाले, माणसे मारली गेली. नांदेड जिल्ह्यातल्या पोचीराम कांबळे यांचे नाव आजही नामांतर शहीद म्हणून घेतले जाते.

चूक ठरावात नव्हती. मागणी न्याय्यच होती. पण विद्यापीठाचे नाव कायद्यात असते, ते ठरावाने बदलत नाही. ठराव आणि कायदा यांच्यामध्ये जी मोकळी जागा राहिली, तिच्यात विरोधकांना जमवाजमव करायला वेळ मिळाला. मुंबईतल्या सभागृहाचे संरक्षण करायला पोलीस होते. ज्यांच्या नावाने ठराव झाला त्यांच्या वस्तीवर त्या रात्री कोणी नव्हते. आणि दंगल झाल्यावर सरकारने अंमलबजावणीच थांबवली, म्हणजे जाळपोळ करणाऱ्यांना जे हवे होते ते मिळाले.

त्यानंतर लाँग मार्च निघाले, तुरुंग भरले, नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतले. १४ जानेवारी १९९४ ला ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ हे नाव आले. नामांतर मागितले होते, मिळाला तो नामविस्तार: जुने नाव राहिले, नवे जोडले गेले. त्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठही झाले. ठरावापासून नावाच्या पाटीपर्यंत साडेपंधरा वर्षे.

नामांतराच्या पिढीतल्या माणसांशी बोलताना ‘प्रतीकात्मक ठराव’ हा शब्द जपून वापरा. त्यांनी त्या प्रतीकाची किंमत मोजली आहे.

केंद्राच्या अखत्यारीतल्या विषयावर राज्याला ठराव करता येतो का?

करता येतो, आणि राज्ये करतात. नागरिकत्व सुधारणा कायद्याविरुद्ध देशभर आंदोलने पेटलेली असताना केरळ विधानसभेने ३१ डिसेंबर २०१९ ला तो कायदा मागे घ्यावा असा ठराव केला. जानेवारीत पंजाब, राजस्थान, पश्चिम बंगालने केला. नागरिकत्व हा निखळ केंद्राचा विषय, म्हणून या ठरावांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका गेली. मार्च २०२१ मधल्या सुनावणीत सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या पीठाचा सूर असा होता की सभागृहाने मत मांडले आहे, त्याला कायद्याचे बळ नाही, मग मत मांडण्यात गैर काय?

नागालँडचे उदाहरण याहून वजनदार आहे. ४ डिसेंबर २०२१ ला मोन जिल्ह्यातल्या ओटिंग इथे लष्कराच्या तुकडीने खाणीतून घरी परतणाऱ्या मजुरांच्या गाडीवर गोळ्या चालवल्या, सहा मजूर गेले. संतापलेला जमाव आणि जवान यांच्यात त्याच रात्री आणि दुसऱ्या दिवशी झालेल्या संघर्षात मृत नागरिकांचा आकडा १४ वर गेला. एक जवानही गेला. २० डिसेंबरला नागालँड विधानसभेने विशेष अधिवेशन बोलावून एकमताने ठराव केला: घटनेचा निषेध, माफीची आणि न्यायाची मागणी, आणि सशस्त्र दले विशेषाधिकार कायदा म्हणजे ‘अफ्स्पा’ हटवा. १ एप्रिल २०२२ पासून केंद्राने नागालँडच्या काही पोलीस ठाण्यांच्या हद्दीतून तो कायदा मागे घेतला. ठरावामुळेच घेतला असे कोणी सिद्ध करू शकणार नाही. पण त्या ठरावाच्या मागे मुख्यमंत्र्यांपासून गावबुढ्यांपर्यंत (गावप्रमुखांपर्यंत) सगळे राज्य उभे होते, आणि मागणी एका ओळीत सांगता येत होती.

मणिपूरमध्येही असा ठराव झाला होता ना?

झाला. ३ मे २०२३ ला मैतेई आणि कुकी-झो समाजांत हिंसाचार सुरू झाला, विधानसभा भरली २९ ऑगस्टला. दहा कुकी-झो आमदार इंफाळला येऊ शकले नाहीत. शांततेचे आवाहन करणारा ठराव गदारोळात काही मिनिटांत उरकला आणि सभागृह बेमुदत तहकूब झाले. भांडणातला एक पक्षच खोलीत नसेल तर समेटाच्या कागदावर सही कोणाची?

सर्वपक्षीय बैठकीचा ठराव आणि विधिमंडळाचा ठराव, फरक काय?

पहिल्याला घटनात्मक दर्जा काहीच नाही, पण तो लवकर होतो. मराठा आरक्षणाच्या आंदोलनात ३० ऑक्टोबर २०२३ ला बीड जिल्ह्यात आमदारांची घरे पेटवली गेली. १ नोव्हेंबरला मुंबईत सर्वपक्षीय बैठक झाली: आरक्षण कायद्याच्या चौकटीत द्यावे यावर सगळे सहमत, त्यासाठी वेळ लागेल, हिंसा चुकीची, आंदोलनाचे नेते मनोज जरांगे पाटील यांनी उपोषण सोडावे. दुसऱ्या दिवशी उपोषण सुटले. तिथे तो कागद उपयोगी पडला, कारण त्याला एकच काम होते: वेळ मिळवणे. आरक्षणाचे प्रत्यक्ष विधेयक आले ते २० फेब्रुवारी २०२४ च्या विशेष अधिवेशनात, १० टक्क्यांचे.

ग्रामपंचायत किंवा महापालिकेच्या ठरावाला काही अर्थ असतो का?

कायद्याने सीमाप्रश्नात शून्य. पण गंमत बघा. २००५ मध्ये बेळगाव महापालिकेने महाराष्ट्रात विलीन होण्याचा ठराव केला. कर्नाटक सरकारने महापालिकाच बरखास्त केली, आणि महापौरांच्या तोंडाला बंगळुरात काळे फासले गेले. ज्या कागदाला कायद्याने काहीच वजन नव्हते, त्याची सरकारला इतकी भीती वाटली.

आणि जतची ती गावे. त्यांनी २०१२ च्या सुमारास ठराव केला तो कन्नडच्या प्रेमाने नव्हे, पाण्याच्या तहानेने. टँकरची वाट बघून बघून वैतागलेल्या माणसांनी ‘मग आम्ही जातो तिकडे’ म्हटले होते. दहा वर्षे त्या ठरावाकडे कोणी ढुंकून पाहिले नाही. बोम्मईंनी तो बाहेर काढला आणि मुंबईत जतच्या पाण्याच्या विस्तारित म्हैसाळ योजनेची फाईल पळायला लागली. या पानावरच्या सगळ्या ठरावांत पाण्याशी सर्वात जवळ पोचला तो हाच, आणि तो सहीशिक्क्यासह कुठल्या तरी ग्रामपंचायतीच्या कपाटात पडून होता.

उद्या पुन्हा असा ठराव झाला तर वाचताना काय बघायचे?

शेवटून वाचा. सुरुवातीचे ‘ज्याअर्थी’ आणि इतिहासाचे परिच्छेद सोडून द्या, ते सगळीकडे सारखेच असतात. शेवटच्या वाक्यात कोणाला काय करायला सांगितले आहे? तारीख आहे का? पैसा आहे का? मेलेल्यांचा उल्लेख आहे की फक्त ‘घटनेचा’? आणि पोलिसांच्या गोळीने गेलेले व जमावाच्या दगडाने गेलेले, दोघांसाठी शब्द सारखेच वापरलेत का, तेही बघा. मग पुढच्या अधिवेशनात आपल्या आमदाराला विचारा की त्या ठरावाचे काय झाले. या प्रश्नाची त्यांना सवय नसते.

ठरावाची प्रत कुठे मिळते?

विधिमंडळाच्या संकेतस्थळावर सभागृहाच्या कार्यवाहीचे वृत्तांत असतात, तारखेवरून शोधा. मिळाले नाही तर विधिमंडळ सचिवालयाकडे माहिती अधिकारात अर्ज करा, शुल्क १० रुपये. २७ डिसेंबरचा ठराव मी छापून आत्याकडे दिला आहे. मराठीत आहे म्हणून तिने तो एकटीने वाचला.